शूर्डसाठी एक चूक

वासुदेव टिपणीसला चूक सहन होत नाही. स्वतःची तर नाहीच, पण दुसऱ्या कुणाची दिसली तरी त्याला जेवण गोड लागत नाही. पुण्यात असताना पत्रिकेवरचा वार आणि तारीख जुळत नाहीत, हे त्याने एका वधूपित्याला भर मांडवात सांगितलं होतं. नेदरलँड्समध्ये आर्नहेमला आल्यावर घरासमोरच्या बसथांब्यावरचं सुट्टीचं वेळापत्रक चुकल्याचं त्याने खेमेन्टेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लिहून कळवलं. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे सोपं काम नव्हे, पण शुभदाने तो हसतखेळत केला आहे. नवरा खोलीतून जेवायला येत नसला, की ती हाका मारत बसत नाही. स्वयंपाकघरातून नुसतं म्हणते, "अरे, बाजीराव पानिपतला गेला तेव्हा..." आणि वासुदेव धावत येतो.

ऑफिसात मात्र हा माणूस गप्प असतो. वीज कंपनीत कुठल्या घराने कधी किती वीज वापरली, याचा हिशेब ठेवणारी प्रणाली तो सांभाळतो. मीटिंग इंग्रजीत सुरू होते आणि कॉफी येईपर्यंत डचमध्ये घसरते. कुणी मुद्दाम करत नाही, पण वासुदेवचं डच दुकानापुरतं. सांगण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ असतं, ते वाक्य मनात जुळवेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. पन्नाशीच्या माणसाला रोज असं तोंड मिटून बसावं लागलं, की आपण आहोत की नाही अशीच शंका यायला लागते.

ती शंका फिटायची एका साइटवर. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची ती जागा. कुणाचा प्रोग्राम अडला की त्याने तिथे प्रश्न टाकायचा, जाणत्यांनी उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी मतं देऊन ते वर चढवायचं किंवा खाली पाडायचं. तारखा आणि वेळा हा वासुदेवचा प्रांत. त्या प्रांतात त्याचं नाव सर्वांत वर होतं, आणि त्याच्या उत्तरांत चूक सापडत नाही अशी त्याची ख्याती होती.

चूक एकदा सापडली होती. तेव्हा तो पुण्यातच होता. दिवसाला चोवीस तास धरून त्याने एक हिशेब लिहिला होता, आणि शूर्ड नावाच्या कुणा डच माणसाने खाली एकच ओळ टाकली, "हे चूक आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दिवस पंचवीस तासांचा असतो." वासुदेवचं पित्त खवळलं. जिथे युरोपासारखं ऋतूप्रमाणे घड्याळ तासभर मागेपुढे करत नाहीत, त्या देशात जन्म गेलेल्या माणसाला पंचवीस तासांचा दिवस म्हणजे थापच वाटणार. दोघांची खूप जुंपली. अखेर वासुदेवने सगळं वाचून काढलं, गुपचूप उत्तर दुरुस्त केलं, आणि शूर्डने खाली लिहिलं, "आता बरोबर आहे." आभार नाहीत, कौतुक नाही. पुण्याबाहेर इतका पुणेरी माणूस असू शकतो, याचं वासुदेवला मनापासून आश्चर्य वाटलं.

तेव्हापासून अकरा वर्षं दोघं भांडत होते. वासुदेवने उत्तर लिहिलं की शूर्ड त्यात खुसपट काढणार, शूर्डने लिहिलं की वासुदेव. वासुदेव आर्नहेमला राहायला आला तरी त्यांची गाठ पडली नाही. शूर्डची माहिती म्हणून साइटवर फक्त नाव आणि 'नेदरलँड्स' एवढंच होतं. खाजगी निरोप धाडायची तिथे सोय नव्हती, आणि भांडणात पत्ता कोण विचारतो? "तुझं खरं लग्न त्याच्याशीच झालंय," शुभदा म्हणायची. "मी आपली घर सांभाळायला."

मग ती साइटच ओस पडायला लागली. लोक यंत्राला विचारू लागले. डेल्फ्टला शिकणारी त्यांची मुलगी आर्या सुट्टीला आली होती, तिने बापाला सरळ सांगितलं, "बाबा, तिथे आता कोण जातं? वी जस्ट आस्क द एआय. इट्स नाइस टू यू."

"गोड बोलतं म्हणजे बरोबर बोलतं का?"

"नो, पण शूर्डसारखं ओरडत तरी नाही!"

पूर्वी दिवसाला शंभर प्रश्न यायचे तिथे आता आठवड्याला एखाददुसरा येई. जुने जाणते एकेक करून निघून गेले. राहिले हे दोघे, रिकाम्या नाट्यगृहात प्रयोग करणाऱ्या नटांसारखे. आणि फेब्रुवारीत, एक वाद ऐन रंगात आलेला असताना, शूर्डने लिहिलं, "उद्या उत्तर देतो." तो उद्या काही उजाडला नाही.

पहिला आठवडा वासुदेवने विजयात घालवला. दुसऱ्या आठवड्यात तो अस्वस्थ झाला. शूर्ड वाद अर्धवट सोडणारा माणूस नव्हता. मार्च गेला, झाडांना पालवी फुटली, आणि वासुदेव ऑफिसातून सायकलने घरी आला की हेल्मेटही न काढता आधी फोन बघायचा. माणूस केवढा, कुठला, त्याच्या घरी कोण आहे, काही ठाऊक नाही. त्याला काही बरंवाईट झालं तर आपल्याला कोण कळवणार? रोज आपलं बोलणं लक्ष देऊन ऐकणारा एकच माणूस या देशात होता, आणि त्याचा पत्ताही आपण कधी विचारला नाही, या विचाराने त्याचा जीव कासावीस होई.

एका शनिवारी दुपारी शुभदा मटार सोलत बसली होती. वासुदेव समोर येऊन बसला आणि न विचारताच मटार सोलू लागला, तेव्हा प्रकरण गंभीर असल्याचं तिने ओळखलं.

"त्याला विचारावं तरी कसं, की बाबा रे, आहेस का?" तो म्हणाला.

"मी तुला कशी बोलावते?"

"कशी म्हणजे?"

"वासू, मी तुला कधी 'जेवायला ये' म्हणते का? काहीतरी चुकीचं बोलते. तू तडक येतोस. तोही तुझ्याच जातकुळीतला ना? मग टाक एक चूक."

एवढी वर्षं बाजीरावाला पानिपतला का धाडलं जात होतं, हे वासुदेवला त्या क्षणी कळलं. पण आत्ता रागवायला सवड नव्हती.

"मुद्दाम? माझ्या नावाने?"

"मग काय माझ्या?"

दोन दिवस तो तळमळला. अकरा वर्षं जिवापाड जपलेलं नाव, परदेशात हाती असलेली एवढी एकच इस्टेट, ती अशी चारचौघांत मातीत घालायची? आणि कशासाठी, तर शूर्ड येईलच याची खात्री नसताना. पण सोमवारी साइटवर प्रश्न आला. दोन तारखांच्या मधे किती दिवस, हे प्रोग्रामने कसं काढायचं? वासुदेवने दीर्घ श्वास घेतला आणि उत्तराची पहिलीच ओळ लिहिली, "दर चौथं वर्ष हे लीप वर्ष असतं." चारशेने भाग न जाणारी शतकाची वर्षं याला अपवाद असतात, २१०० साली एकोणतीस फेब्रुवारी येणार नाही, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पुढचं सगळं नेहमीसारखं नीटनेटकं लिहिलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

ओस पडलेल्या त्या गावात माणसं कुठून उगवली देव जाणे. घटकाभरात लोक तुटून पडले. कुणी शतकाचा नियम शिकवला, कुणी "हे तज्ज्ञ म्हणे" असा टोमणा मारला, कुणी लिहिलं की म्हातारपण सगळ्यांनाच येतं. मतं शून्याच्या खाली घसरत गेली. विचारणाऱ्याला योग्य नियम खालच्या शेऱ्यांतून मिळाला होता, तेवढ्यापुरतं वासुदेवचं मन निवांत होतं. एका उत्साही मुलाने त्याचं उत्तर परस्पर दुरुस्त केलं, ते वासुदेवने पुन्हा पहिल्यासारखं केलं. त्यावरून आणखी गदारोळ झाला. वासुदेव ऑफिसात बसून सगळं मुकाट्याने वाचत होता आणि त्याचे कान तापले होते. एकाही शेऱ्याला उत्तर देता येत नव्हतं. शूर्डचा मात्र पत्ता नव्हता.

बुधवारी तो घरी आला तो चेहरा पाडूनच. "काढून टाकतो उत्तर," त्याने सांगितलं. "तो असता तर आला असता. तो नाहीये, शुभदा." शुभदाने चहा टाकला.

उत्तर काढून टाकायला म्हणून त्याने लॅपटॉप उघडला, आणि सगळ्यात खाली एक नवा शेरा दिसला.

"हे चूक आहे. २१०० लीप वर्ष नाही. पण हे तुला माहीत आहे, म्हणजे तू मुद्दाम केलंस. का, तेही माझ्या लक्षात आलं. माझ्या डोळ्याचा पडदा सुटला होता, दोनदा ऑपरेशन झालं. वाचायला अजून मनाई आहे. तुझं उत्तर बायकोने आज मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि हे मी सांगतो ते तीच लिहून घेते आहे. बाकीच्यांनी बहुतेक पहिली ओळ वाचून सोडून दिलं. तिसऱ्या ओळीत तू सुरुवातीचा दिवसही मोजलास आणि शेवटचाही, त्यामुळे उत्तर एका दिवसाने जास्त येतं. ही मात्र मुद्दाम केलेली नाही."

वासुदेवने तिसरी ओळ पाहिली. पुन्हा पाहिली. कागद ओढून घेतला, एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत बोटांवर मोजून बघितलं. मग तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शुभदा हातातली गाळणी तशीच घेऊन बाहेर आली.

"शुभदा!" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "अगं, मी चुकलो! खरोखरचा चुकलो!"

लग्न झाल्यापासून हे वाक्य तिने त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं.