चार पॉइंट दोन

"सर, तुमचं मशीन बिघडलंय, का आमचा फ्रिज लई शहाणा झालाय? परवापासनं चार पॉइंट दोनच दाखवतंय. दाराच्या काट्यावर तर पाच हाय."

शोभा सिस्टरांचा फोन. बुधवार, सकाळचे साडेनऊ. तोंडाला लावलेला चहा मी तसाच खाली ठेवला. फ्रिजचं तापमान थोडंफार वरखाली होणारच. दोन दिवस एका जागी बसून राहतं ते तापमान नसतं, तो अडकलेला आकडा असतो.

मी धाराशिवात सॉफ्टवेअरची कामं करतो. तो फ्रिज इथल्याच एका खासगी हॉस्पिटलातला, रक्ताच्या पिशव्या ठेवायचा. रक्त दोन ते सहा डिग्रीत राहावं लागतं. फ्रिजचा स्वतःचा भोंगा बिघडला होता, म्हणून मी सोमवारी आमचं सॉफ्टवेअर बसवलं. दर पाच मिनिटांनी त्यानं तापमान बघायचं आणि गडबड दिसली की सिस्टरांच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. पहिलं रीडिंग आलं, चार पॉइंट दोन, हिरवा दिवा लागला. मी खूश. पुढच्या रीडिंगची वाटही न बघता निघालो. एवढा आळस!

गाडी काढली, हॉस्पिटल गाठलं. सिस्टर दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या आतल्या दोन पिशव्या ओ निगेटिव्ह हायत सर. आज तीनला सिझेरियन हाय. पेशंटच्या बाळाची वार खाली हाय, रक्त लई जाऊ शकतं म्हणल्यात डॉक्टर मॅडम."

"आणि मधल्या दोन दिवसांत लाईट गेली होती का?" मी विचारलं.

"काल दुपारी गेली ती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर हाय, फ्रिज न्हाय. जनरेटर कधी लावला, कुणी बघितलंय?"

मी कॉम्प्युटरपुढं बसलो. पासवर्ड दोनदा चुकला. शेवटी कोड उघडला. 'दर पाच मिनिटांनी बघ' हे सांगणारी ओळ समोर होती. आकडा तीन लाख. ह्यात काय चुकलंय? मी ही वेळ मोजायला एक लायब्ररी वापरली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड. ती कशी वापरायची ते सांगणारी पानं म्हणजे डॉक्युमेंटेशन, मिक्सरच्या खोक्यात येतं तसलं पुस्तक. मी परत सर्च केलं. सोमवारचंच पान पहिलं आलं. त्यावर स्वच्छ लिहिलेलं: वेळ मिलिसेकंदात द्या. तीन लाख मिलिसेकंद म्हणजे पाच मिनिटं. बरोबर तर आहे!

मग वरची पिवळी पट्टी दिसली. बारीक अक्षरं. 'हे पान जुन्या आवृत्तीचं आहे.' सोमवारीही ती तिथंच असणार. मीच वाचली नव्हती.

नवीन आवृत्तीचं पान बरंच खाली सापडलं. तिथं वेळ सेकंदात द्यायची होती. मी बसवली होती नवीन लायब्ररी, वाचलं होतं जुनं पान. तीन लाख सेकंद म्हणजे जवळपास साडेतीन दिवस. माझं सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतंच. ते गुरुवारी रात्री पुढचं रीडिंग घेणार होतं. तोवर पडद्यावर चार पॉइंट दोन आणि हिरवा दिवा.

जुनं पान वर का येतं, ते सांगतो. आम्ही सास्तूरचे. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. तरी कुणी गावाचा रस्ता विचारला की आमच्या दादांचा हात आधी जुन्या गावाकडंच जातो, कारण जन्मभर तिकडंच दाखवलेलं. सर्च इंजिन बाकीचंही पुष्कळ बघतं, पण एखाद्या पानाकडं किती जणांनी बोट दाखवलंय, म्हणजे त्याची लिंक दिलीय, ह्याला तिथं फार वजन असतं. जुन्या पानाकडं जगभरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं बोट दाखवलेलं. नवीन पानाला अजून कोण विचारतो? आणि जुनं पान काढताही येत नाही, जुनी आवृत्ती वापरणारे असतातच.

मी तीन शून्यं खोडली. मिनिटाचं काम. पण कालच्या दुपारचं काय?

"सिस्टर, तुमचं रजिस्टर द्या. कालचं तापमान बघू."

सिस्टर म्हणाल्या, "तुमीच म्हणला न्हवं का सर, आता लिहायची गरज न्हाय? सोमवारपासनं बंद केलंय."

म्हणालो होतो. फुशारकीनं म्हणालो होतो.

डॉक्टर मॅडम आल्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "शंका आहे म्हणजे पिशव्या बाद. हा ग्रुप आता सोलापूरलाच मिळेल."

"मी जातो."

पेशंटच्या रक्ताचा नमुना, चिठ्ठी, बर्फाचा डबा घेऊन निघालो. बाहेर बाकावर पेशंटची सासू बसली होती. "लेकरा, रक्त हाय न्हवं आत?"

"आणतोय, मावशी." मी गाडीकडं पळालो.

सोलापुरात नमुना जुळवून होईपर्यंत मी त्या काउंटरपुढून हललो नाही. दोन पिशव्या मिळाल्या. परत येताना तुळजापूरजवळ फोन वाजला. गाडी बाजूला घेतली. सिस्टर. "सर, ब्लीडिंग सुरू झालंय. किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं."

"मॅडम थांबत न्हाईत, आत घेतलंय. या लवकर."

ती पंचवीस मिनिटं मी कशी गाडी चालवली, मला आठवत नाही. त्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं, आणि मी तिचं नाव न घेताच देवाला विनवत होतो.

सिस्टर पायऱ्यांवर उभ्या होत्या. माझ्या हातातला डबा ओढून आत पळाल्या. दोन्ही पिशव्या लागल्या. मुलगी झाली. आई वाचली.

सासूनं माझा हात धरला. "लई धावपळ केलीस रे बाबा. देव तुझं भलं करो." मला वर बघवेना. ही वेळ कुणामुळं आली, तिला कोण सांगणार?

टाकून दिलेलं ते रक्त खराब झालं होतं की चांगलं होतं, मला आजही माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या जुन्या पानाकडं कोण कोण बोट दाखवतंय ते शोधत बसलो. प्रोग्रामर एकमेकांना अडचणी विचारतात अशा एका फोरमवर नऊ वर्षांपूर्वीचं उत्तर सापडलं: 'ह्या पानावर सगळं नीट दिलंय, हेच वाचा.' खाली नाव माझं. मी ते उत्तर दुरुस्त केलं, नवीन पानाची लिंक दिली. महिन्याभरानं परत सर्च करून बघितलं. पहिलं तेच जुनं पान.

शोभा सिस्टरांचं रजिस्टर आता चालू आहे. दर चार तासांनी, पेननं. बंद करू नका असं मीच सांगितलंय.