पॅन्ट्रीतल्या चार फुल्या

आमच्या वॉर्डाच्या पॅन्ट्रीत फरशीवर चिकटपट्टीच्या चार फुल्या होत्या. त्या मी स्वतः गुडघे टेकून मारल्या होत्या, हातात मोजपट्टी घेऊन. एका फुलीवर एक माणूस, तोंड भिंतीकडे, जेवताना बोलायचं नाही. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी तेव्हा वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते आणि माझ्या जिभेला सगळे टरकून असत. कोरोनाचे पहिले महिने होते. रोज नवीन परिपत्रक यायचं आणि कालचं खोटं पाडायचं. निदान आपल्या वॉर्डात तरी एखादी गोष्ट ठाम असावी, असं मला वाटायचं.

आत सहा-सहा तास किट घालून उभं राहायचं. पाणी नाही, बाथरूम नाही. हातमोज्यांत घाम साचून बोटं सुरकुतायची. किट उतरवायची खोली वेगळी होती. काय आधी काढायचं, काय नंतर, याचा कागद तिथे भिंतीवर होता, पण दमलेलं माणूस कागद वाचत नाही. म्हणून मी दारात उभी राहून मोठ्याने सांगायची. हातमोजे, हात धुवा, गाऊन, पुन्हा हात, गॉगल, पुन्हा हात, आणि मास्क सगळ्यात शेवटी. एक पायरी चुकली की माझं तोंड सुटायचं. आमच्या पोरी पाठीमागे म्हणायच्या, म्हातारीची आरती सुरू झाली. मला ऐकू यायचं. पण त्या दारातून माझ्यासमोर एकही पोर पायरी चुकवून बाहेर आली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

त्या वॉर्डात एक आया होत्या. सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी ही नोकरी धरली आणि दोन मुलं वाढवली. वरळीच्या बीडीडी चाळीतून चालत कामाला यायच्या. नवीन लागलेल्या नर्सला बेडपॅन कसं द्यायचं ते मी शिकवायची, आणि पेशंटला न लाजवता कसं द्यायचं ते मावशी शिकवायच्या. त्या जूनअखेर त्या रिटायर होणार होत्या. त्यांना शुगर होती आणि गोड खाण्याची सवयही होती.

मार्च संपता संपता त्यांची मुलगी मला गेटवर भेटायला आली. तिचं सासरही बीडीडी चाळीतच होतं. हात हातात घ्यायची बंदी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, तरी तिने माझा हात धरला. आई कोणाचं ऐकत नाही, तीनच महिने राहिलेत, तिला आत पाठवू नका, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. वय झालेल्यांना पेशंटजवळ ठेवू नये असं वरूनही सांगून झालं होतं, त्यामुळे मला जड काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मावशी वॉर्डाचं दार ओलांडणार नाहीत. हा माझा शब्द."

मी त्यांना पॅन्ट्रीत बसवलं. चहा करायचा, पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, लाँड्रीतून धुऊन आलेल्या चादरींच्या गाठोड्यांच्या घड्या लावायच्या. मावशी चिडल्या. "माका काय लोणच्याच्या बरणीत घालून ठेवतास?" असं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र माझा चहा मला हवा तसा, आलं घालून तयार होता.

लालबागला आमच्या चाळीत तेव्हा गंमतच चालली होती. एका रविवारी आख्ख्या गॅलरीने माझ्यासाठी थाळ्या वाजवल्या. शेजारणीने तर पितळेचं तबक काढलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच शेजारणीच्या नवऱ्याने मला समजावलं, की तुम्ही सार्वजनिक नळावर सगळ्यांचं आटोपल्यावर या. संडासाचंही तसंच. लोक भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवत होते, दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होते, काढे पीत होते आणि मला बघून दार लावत होते. मी त्यांच्यावर रागावले होते आणि अजून थोडी आहे. वॉर्डातल्या बाकीच्यांचीही घराघरांत हीच कथा होती. पॅन्ट्रीतल्या चार फुल्यांवर, भिंतीकडे तोंड करून का होईना, आम्ही एकमेकींना माणसं वाटायचो.

मग मावशींनी पुरचुंड्या काढल्या. जुन्या लुगड्याच्या फडक्यात कापूर, ओवा आणि चार लवंगा बांधून, वर दोरा लावून गळ्यात अडकवायच्या. गिरणगावात तेव्हा घरोघरी हे चाललं होतं. मी त्यांना पाच मिनिटं व्याख्यान दिलं, की कापराने विषाणू मरत नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि माझ्या गळ्यात दोरा घातला. खरं सांगायचं तर मला ती पुरचुंडी आवडायला लागली. वॉर्डातला फिनाइलचा, उलटीचा वास नाकात बसलेला असायचा. बाहेर आलं, अंघोळ केली, की मी चार-सहा वेळा कापूर खोल हुंगायची. डोकं मोकळं झाल्यासारखं वाटायचं.

मेच्या मध्यावर आमचा लिफ्टमन गेला. आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या बेडवर. वीस वर्षं त्याने आम्हाला वरखाली नेलं होतं आणि प्रत्येकीला कुठला मजला हे न विचारता माहीत होतं. स्टाफमधले बरेच जण तोवर आजारी पडले होते, पण गेलेला तो पहिला. त्या दुपारी आम्ही चौघी पॅन्ट्रीत आलो तेव्हा कोणी डबाच उघडेना. एक पोर फुलीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "आजच्या दिवस राहू द्या त्या फुल्या. या इकडे सगळ्या."

हे मी म्हटलं. परिपत्रकाने नाही, डॉक्टरांनी नाही. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पूर्वीसारख्या गोल बसलो, मास्क उतरवून, गुडघ्याला गुडघा लावून. मावशींनाही मीच ओढून खाली बसवलं. त्यांच्या डब्यात सुकटीचं किसमूर होतं. ताजी मासळी बाजारात नव्हतीच. गावाहून आलेली सुकट भाजून, त्यात कांदा आणि ओलं खोबरं घालून त्यांनी ते केलं होतं. झाकण उघडलं तशी एकीने हसत नाक दाबलं, दुसरी म्हणाली की आता वास मेट्रनच्या ऑफिसपर्यंत जाणार. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं होतं.

मला वास आला नाही.

मी वाकून डब्यात नाक घातलं. काही नाही. मावशी म्हणाल्या, "वास येता मा?" मी म्हटलं, तुमच्या कापराने माझं नाक कामातून गेलंय. त्यावर सगळ्या पुन्हा हसल्या. घास तोंडात घातला तर तो ओल्या भुशासारखा लागला. तेही मी सकाळपासूनच्या रडण्यावर ढकललं. मावशींनी त्यांच्या डब्यातलं अर्धं मला वाढलं, आणि उरलेलं आम्ही दोघींनी एकाच डब्यातून खाल्लं.

वास जातो हे लक्षण तेव्हा यादीत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. यादीत नव्हतं, पण कानावर आलं होतं. त्याच आठवड्यात एका पेशंटने मला सांगितलं होतं, सिस्टर, आज चहाला वासच नाही. मी ते त्याच्या कागदावर लिहूनही ठेवलं होतं. दुसऱ्याच्या नाकाची नोंद केली आणि स्वतःचं नाक कापराच्या नावावर घातलं.

दोन दिवसांनी मला ताप भरला. मग त्या रडणाऱ्या पोरीला, मग आणखी एकीला. सहाव्या दिवशी मावशींना. आम्ही तिघी स्टाफसाठी राखलेल्या खोलीत होतो आणि मावशींना मात्र श्वास लागल्यामुळे आत नेलं. ज्या दारावर मी दोन महिने पहारा केला, ते त्यांनी स्ट्रेचरवरून ओलांडलं. आमची खोली त्याच मजल्यावर होती. भिंतीपलीकडून मशीनचे आवाज यायचे आणि त्यातला कुठला त्यांचा हे मी ओळखायला बघायची. आठ दिवस त्या होत्या. नवव्या दिवशी सकाळी माझ्याच हाताखालची नर्स दारात येऊन उभी राहिली. किटमधून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती आत येईना, त्यावरून मी समजले.

मुलगी चाळीत बंद होती. त्यांच्या जिन्याला बांबू बांधले होते. तिला आईचं तोंडही बघता आलं नाही. स्मशानात कोण गेलं, तर किट घातलेली चार माणसं, ज्यांना मावशी कोण हे ठाऊकही नव्हतं.

त्या दुपारी तिचा मला फोन आला. ती रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "सिस्टर, आई तर आत गेलीच नव्हती ना? मग तिला कुठून लागलं?"

मला धाप लागत होती. खरं म्हणजे त्या धापेचा मला आधारच झाला, उत्तर द्यायला वेळ मिळाला. मी म्हटलं, चादरींच्या गाठोड्यातून लागलं असेल. धुऊन आलेल्या असतात, पण काय सांगता येतं. ती म्हणाली, तुम्ही तुमचा शब्द पाळलात, सिस्टर. हे ऐकून मी फोन ठेवला आणि उशीत तोंड घातलं.

मी बरी झाले. वास यायला तीन महिने लागले. सगळ्यात आधी आला तो कापराचा.

पुढच्या वर्षी मावशींच्या तिथीला मुलगी लालबागला माझ्या घरी आली. हातात आईचाच डबा, आत सुकटीचं किसमूर. आईला तुमच्याबद्दल फार वाटायचं, म्हणाली. मी डबा घेतला. तिच्यादेखत खाल्लं. चव अगदी मावशींच्या हाताची होती, आणि मला प्रत्येक घास लागला. डबा रिकामा परत करू नये हे मावशींचंच सांगणं, म्हणून मी तो घासून त्यात रव्याचे लाडू भरून दिले. असं वर्षामागून वर्ष चाललं. मी रिटायर झाले तरी ती येत राहिली. मास्क गेले, चाळीतले बांबू गेले, पितळी तबकवाली शेजारीण आता मला जिन्यात हात देते. मीही जवळजवळ मानायला लागले होते, की गाठोड्यातूनच लागलं असणार.

गेल्या वर्षी ती आली तेव्हा तिचे हात लाल दिसले. बोटांची सालं निघाली होती. मी सवयीने ओरडले, काय करून घेतलंस म्हणून. ती ओशाळून हसली. घरातल्या चादरी ती अजून पातेल्यात उकळते, म्हणाली. मग सोड्याच्या पाण्यात घालते, मग पुन्हा धुते. दर दोन दिवसांनी. नवरा हसतो, सासू बोलते, कोणाकडे मुक्कामाला गेली तर स्वतःची चादर नेते. "कळतंय मला, सिस्टर. पण आई चादरीमुळे गेली ना. हात थांबतच नाही."

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. मग सगळं सांगितलं. फुल्या, वर्तमानपत्र, एका डब्यातून खाल्लेलं किसमूर, माझं नाक, चहाला वास नाही म्हणणारा तो पेशंट, आणि फोनवर मी जे बोलले ते. काही वगळलं नाही. माझ्याकडूनच लागलं हे कोणी सिद्ध करू शकणार नाही, हेही म्हणणार होते, पण ते मी गिळलं. डबा आमच्या दोघींच्या मध्ये झाकण काढलेला पडला होता आणि खोलीभर सुकटीचा वास सुटला होता.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, कारण ओरडणाऱ्या माणसापुढे कसं उभं राहायचं ते मला ठाऊक आहे. तिने चपला घातल्या. दारात थांबून विचारलं,

"मग इतकी वर्षं डबा का घेतलात?"

ती जिना उतरून गेली, आणि गॅलरीतून मी तिला नाक्याकडे वळेपर्यंत पाहिलं. तिने वर बघितलं नाही.

यंदाच्या तिथीला ती आली नाही. डबा माझ्याकडेच राहिला आहे. घासून, पुसून फळीवर ठेवलाय. बीडीडी चाळ काही लांब नाही, अर्ध्या तासात चालत जाता येईल. पण डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि त्यात काय घालून न्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.