अर्धी रोटी साहेब

अख्खी रोटी खाताना हा माणूस मी कधी पाहिला नाही. आधी मधोमध फाडायचा, अर्धी समोरच्या हॉलंडवाल्याच्या ताटात टाकायचा, मगच घास घ्यायचा. म्हणून सौदीतल्या आमच्या अबकैकच्या तेलकंपनीच्या कॅम्पात त्याचं नाव पडलं अर्धी रोटी साहेब. बेल्जियमचा म्हातारा, वेल्डिंग तपासायचा. मी मेसचा बावर्ची. शाळा माझी जेमतेमच.

दोघे गोरे माझ्याकडे मासे खायला यायचे आणि भांडायचे. भांडण तरी कसलं, तर चारशे वर्षांपूर्वीचं!

"आपले प्रांत एकच होते, डोक्यावर राजा स्पेनचा," मलाही कळावं म्हणून साहेब मोडक्या हिंदीत सांगायचा. "मिळून त्याच्या फौजेशी लढलो. मग धर्मावरून फुटलो."

"तुम्ही राजाला शरण गेलात, आम्ही सुटलो," हॉलंडवाला म्हणायचा.

"सुटलात, पण स्वयंपाक आमच्याकडे राहिला!"

एकदा आमच्याच मेसमध्ये पेटलं. गावाकडून दंग्याची बातमी आली, आणि एका ताटातले बोंबील खाणारे नाशिकचा पाटील आणि श्रीवर्धनचे इसाकभाई वेगळ्या चुली मागू लागले. सौदीकरणाचे दिवस, परदेशी काढून सौदी माणसं भरायचे; मॅनेजर माणसं कमी करायला टपलेला. मेस फुटली की बावर्ची कशाला ठेवतोय? माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, खलास, आणि गावी बायको हलीमा पोरं घेऊन बसलेली.

साहेब उठला. रोटी फाडून अर्धी पाटलासमोर, अर्धी इसाकभाईंसमोर ठेवली.

"करा दोन चुली. आम्ही आपसात भांडत बसलो, तेवढ्यात राजाने आमचा प्रांत परत खिशात घातला. तुमचा राजा त्या ऑफिसात बसलाय. आणि हा बावर्ची कुणाकडे?"

"आमच्याकडे!" दोघं एकदम ओरडले.

"इसाकभाई, तुम्हाला चहा तरी येतो का?" पाटील म्हणाला.

"आणि तू रे? अंडं जाळतोस!"

सगळे हसले. चूल एकच राहिली.

पुढे साहेबाची जागा एका सौदी इंजिनियरला मिळाली. त्यालाही यानं पहिल्याच दिवशी अर्धी रोटी दिली. साहेब निघताना मी वाटेला रोटी बांधून दिली, तर त्यानं ती बसच्या दारातच फाडली. हॉलंडवाला अर्धी हातात घेऊन तोंड फिरवून उभा राहिला.

सुट्टीत हे हलीमाला सांगितलं. तेव्हापासून तीही भाकरी फाडून अर्धी आधी माझ्या ताटात ठेवायची. परवा तिला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसावा केला. सून अख्खी भाकरी वाढते. मी फाडतो, अर्धी समोर ठेवतो. मांजर येऊन खातं.

खाऊ दे. अख्खी मला जात नाही.