चौथ्या मजल्यावरच्या ताई आणि त्यांची चिप

काशीगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक ताई राहतात. त्या चिप डिझाइन करतात. बोलताना वाक्य मध्येच सोडून देतात आणि लिफ्टची वाट बघत भिंतीवर बोटाने चौकोन काढत राहतात.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा म्हणत होते, सॉफ्टवेअरमध्येच जा. मला चिप डिझाइन आवडत होतं, पण धीर होत नव्हता. ताई भेटल्या की मी विचारायचे, "चिप डिझाइनमध्ये येऊ का?"

"ये ना. म्हणजे... बघ," त्या म्हणायच्या.

परवा संध्याकाळी त्या गच्चीत एकट्याच उभ्या होत्या. मी पुन्हा तेच विचारलं.

"ज्या चिपवर मी दोन वर्षं काम करत होते, ती कंपनीने आज रद्द केली. आता ती बनणारच नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"उद्यापासून दुसरी." त्यांनी डोळे पुसले. "तिचं डिझाइन काय भारी आहे गं!" आणि त्या नव्या चिपबद्दल न थांबता बोलत सुटल्या.

मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, "आत्ता ताईंशी बोलले. मी चिप डिझाइनमध्येच जातेय."

"असं काय सांगितलं तिने?" बाबांनी विचारलं.

"त्यांची दोन वर्षांची चिप आज रद्द झाली," मी भिंतीवर बोटाने चौकोन काढत म्हटलं, "आणि त्या उद्याच्या चिपबद्दल बोलत सुटल्या."