आरशातली मात

माझा मामा केस कापतो आणि बुद्धिबळाची कोडी रचतो. दोन्ही कामं एकाच वेळी. दुकानात खुर्चीच्या मागच्या भिंतीवर त्याने चुंबकी सोंगट्यांचा पट टांगलाय. गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवता फिरवता तो मध्येच मागे वळतो आणि एखादं प्यादं उचलून दुसऱ्या घरात चिकटवतो.

"समोर लक्ष द्या," मामी गल्ल्यावरून ओरडते. "त्या राजाला मारायच्या नादात खऱ्या माणसाचा कान जाईल!"

कोडं साधारण असं असतं: काळ्याने काहीही केलं तरी पांढऱ्याने चार खेळ्यांत मात करायची. अट एकच, त्याहून कमी खेळ्यांत ती होता कामा नये. मामाची आधीची कोडी बुद्धिबळाच्या मासिकाने याच अटीपायी परत पाठवली होती. दर वेळी त्यांच्या संगणकाला जवळची वाट सापडली होती.

"आता परत आलं, तर पट काढून तिथे कॅलेंडर लावीन," मामाने जाहीर केलं. मामीने कॅलेंडर काढूनही ठेवलं.

म्हणून नवं कोडं पाठवण्याआधी त्याने मला फोन केला. माझ्या लॅपटॉपवर बुद्धिबळाचा प्रोग्राम आहे. मामा गिऱ्हाइकाची दाढी करता करता सांगत होता आणि मी पडद्यावर सोंगट्या मांडत होते. "खालच्या ओळीत डाव्या कोपऱ्यात पांढरा हत्ती. डावीकडून चौथ्या घरात राजा..."

असा प्रोग्राम आधी सापडेल ती मात सांगतो, मग छोटी वाट शोधत आकडा उतरवत जातो. सातावरून तो सहावर आला आणि सगळ्या वाटा धुंडाळून झाल्या तरी तिथेच थांबला.

हे फोनवर सांगायचा मला धीर होईना. लॅपटॉप घेऊन दुकानातच गेले.

"सहा?" मामाच्या हातातला ब्रश थांबला. "अगं, पहिलीच खेळी कॅसलिंग! राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो, हत्ती त्याच्या पलीकडे जाऊन बसतो. सगळी गंमत त्यातच आहे."

"पण कॅसलिंग होईल कसं, मामा? राजा डावीकडून पाचव्या घरात हवा. तू चौथ्यात सांगितलास."

"चौथ्यातच तर आहे! हे बघ," त्याने समोर बोट नाचवलं. "एक, दोन, तीन, चार."

खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसाआडून म्हणालं, "अहो, पट तुमच्या पाठीमागे आहे. तुम्ही आरशात मोजताय."

मामी हसून हसून गल्ल्यावर आडवी झाली. "म्हणजे इतकी वर्षं हे डाव्या मिशीला उजवी समजून कापतायत!"

मी मांडणी उलटवली. आकडा भराभर उतरला. सहा, पाच, चार. मामाचा चेहरा उजळला. मग तीन.

"आधी वजीर सरळ वर चढतो," मी हळूच म्हणाले. "कॅसलिंग त्यानंतर, दुसऱ्या खेळीत."

"मग तीनाचं म्हणून पाठवा," मामी म्हणाली. "छापून आल्याशी मतलब."

"छे! पहिलीच खेळी कॅसलिंग नाही, तर ते कोडं माझं कसलं?"

मामा भिंतीकडे वळला. बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि मग वजिराच्या वाटेत एक काळं प्यादं चिकटवलं. "आता विचार त्याला."

सहा. पाच. चार. गिऱ्हाईक गळ्यातल्या टॉवेलसकट उठून पडद्याशी आलं. मामी तोंडातल्या तोंडात "थांब, थांब" म्हणत होती, संगणकाला की कुणाला, कोण जाणे. शेवटी शोध संपला.

"तीनात मात नाही," मी म्हणाले. "चारच. आणि पहिली खेळी..."

"कॅसलिंग!" मामा इतक्या जोरात ओरडला, की शेजारचा चपलांचा दुकानदार बघायला आला.

मासिकाचं उत्तर आलं: कोडं स्वीकारलं, पहिली खेळी फार आवडली. हे पत्र मामा आता प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवतो. चेहऱ्याला फेस लावून झाल्यावर. म्हणजे कुणाला उठून जाता येत नाही.