बुरशीला दिलेलं ऊन

आता तुमच्यापासनं काय लपवू बायांनो? उभ्या जन्मात माझ्या लोणच्याला कवा बुरशी शिवली न्हाई. त्याच तोऱ्यात मी सुनेची वांगी बुडवायला निघाले हुते.

इस्लामपूरजवळ आमचं रान. नव्वद सालानंतरची गोष्ट. दोन वर्सं वांग्याला मर लागलेली. सकाळी तरतरीत असलेलं झाड दुपारी मान टाकायचं. आमचे मालक, म्हंजे सुनंदाचे सासरे, म्हणाले, "यंदा झाडं मेली तर त्या तुकड्यात ऊस."

तो तुकडा माझी सून सुनंदा कसायची. भाजी तिची, बाजार तिचा. त्या दिवशी ती अर्ध्या भाकरीवरनं उठली.

मग तिनं शेतकीच्या साहेबांकडनं एक पुडी आणली. त्यात म्हणं चांगली बुरशी, ती मातीतल्या मर लावणाऱ्या बुरशीला खाती. ती शेणखतात कालवून, ओलं पोतं झाकून गोठ्यात सावलीला ठेवायची आणि लागणीला मुळाशी टाकायची. हे मला नंतर कळलं. तवा मी लेकीकडं वाईला हुते.

परत आले तर सुनंदा भावाच्या लग्नाला माहेरी गेलेली. गोठ्यात पोतं उचललं, बघते तर ढिगावर हिरवीगार बुरशी. मनात म्हणलं, आजकालच्या पोरींना खतसुद्धा नीट ठेवता येत न्हाई. आता बुरशी लागली की आपण काय करतो? डाळ असो, पापड असो, ऊन दाखवतो. मी सगळं खत अंगणात पसरलं. दोन दिवस फाल्गुनाचं ऊन दिलं, वर चुलीतली राख भुरभुरली. खडखडीत वाळवून परत रचून ठेवलं.

सुनंदा आली ती थेट गोठ्यात. पोतं उचललं आणि तशीच उभी राहिली.

"आत्याबाई, हिरवं कुठं गेलं?"

"मारलं की मी. दोन दिवस ऊन दिलं."

ती मटकन खाली बसली. "तीच तर वाढवायची हुती."

सरी पाडून तयार, दुसऱ्या दिवशी लागण. तेवढ्यात मालक दारात. लागण उद्याच ना, म्हणून विचारलं. सुनंदानं माझ्याकडं बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "आठ दिवस थांबू मामंजी. रोप कवळं हाय."

रोप वीतभर वाढलेलं, आंधळ्यालाबी दिसलं असतं. माझ्यासाठी ती खोटं बोलत हुती, आणि ते खोटं उघडं पडलं तर पायाखालचं रान तिचं जाणार हुतं. मला ऱ्हावलं न्हाई. सगळं सांगून टाकलं.

मालकांनी पोतं उचलून वाळलेला ढीग बघितला. मला तर डोळ्यापुढं ऊसच दिसाया लागला. मग म्हणाले, "आठ दिवस. वर एक दिवस मिळायचा न्हाई."

सुनंदा पहिल्या गाडीनं जाऊन दुसरी पुडी घेऊन आली. आठव्या दिवशी ढीग पुन्हा हिरवा. त्या साली चार-दोन झाडं गेली, बाकीची वांग्यांनी वाकली. ऊस काय लागला न्हाई.

त्या आठ दिवसांत मालकांनी आपली बाज गोठ्याच्या दारात टाकलेली. शेजारचे तात्या विचारत, "कुत्री खत उकरत्यात व्हय?"

मालक म्हणत, "कुत्र्यांचं काय न्हाई, गड्या. ऊन पडलं की हिचे हात शिवशिवत्यात."