लाखोरीतून परत येणारा चेंडू

भुताला घाबरून सराव बंद ठेवण्याची वेळ आलेला मी भंडारा जिल्ह्यातला बहुधा एकमेव व्यावसायिक फुटबॉलपटू असेन.

व्यावसायिक म्हणजे अगदी पगारी! चौदा वर्षं मी आधी कोलकात्यात आणि मग गोव्यात फॉरवर्ड म्हणून खेळलो. पुढे उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला, त्याच्या मागोमाग मीही दिला, आणि अड्याळजवळच्या आमच्या गावी परतून मुलींचा संघ उभा केला. सोळा मुली, चार चेंडू आणि एक शिट्टी. (शिट्टी गोव्याची. गावात तिचा बराच दरारा होता.) मैदान मात्र नव्हतं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या उंच बांधाखाली, आमच्या दोन बांध्या, धानाची दोन खाचरं आहेत. त्यांतल्या एकीतलं धान नुकतंच कापून झालं होतं आणि ती मला रिकामी दिसली. मी भाड्याचा ट्रॅक्टर आणून तिच्यावर रोलर फिरवला.

ती रिकामी नव्हती. आमच्याकडे धान उभं असतानाच त्यात लाखोरीचं, म्हणजे लाख डाळीचं, बी फेकतात. धान कापलं की खालून लाखोरी वर येते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण मी चौदा वर्षं फक्त हिरवळ पाहिलेली! आईने फेकलेली एका बांधीतली सगळी लाखोरी मी झोपवली. त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर परवडलं असतं. मला भाजी हवी का, हे ती माझ्यासमोर बसून माझ्या बायकोला, वैशालीला विचारायची.

डिसेंबरात सराव सुरू झाला. सकाळी साडेसहाला तलावावरून धुकं खाली यायचं आणि बांधीत बसून राहायचं. मुली धावत त्यात शिरायच्या तेव्हा आधी त्यांचे पाय नाहीसे व्हायचे, मग त्या, मग त्यांचा आवाज. मी मोजणी करायचो. एकदा सोळांऐवजी सतरा भरल्या, तेव्हापासून मोजणी सोडून दिली.

तिसऱ्या दिवशी मी फटका कसा मारायचा याचं प्रात्यक्षिक दिलं. चेंडू गोलावरून, दोन बांध्यांमधल्या धुऱ्यापलीकडे, धुक्यात गेला. (कसा मारू नये, हेही दाखवावं लागतं.) आमची कॅप्टन प्राजक्ता तो आणायला निघाली, तोच आतून धप्प असा आवाज झाला आणि चेंडू परत आला. उंच, सरळ, बरोबर माझ्या पायाशी. मी तो उचलला. ओल्या बांधीतून आलेल्या त्या चेंडूवर चिखलाचा ठिपका नव्हता. कुणीतरी तो पुसला होता.

मी तीनदा हाक मारली. पलीकडे कुणीतरी होतं एवढं नक्की, कारण धापा ऐकू येत होत्या. उत्तर मात्र आलं नाही.

मग रोजच तसं व्हायला लागलं. दोन चेंडू गेले तर दोन परत यायचे, पुसून. मला भीती वाटत होती, पण प्रशिक्षकाचा स्वभाव जातो कुठे? मी निरीक्षणं सुरू केली. चेंडूच्या फिरकीवरून फटका डाव्या पायाचा होता, आणि मारल्यावर पाय शेवटपर्यंत वर जात असणार. मी कौतुकाने मुलींना म्हणालो, "हा खेळलेला मानूस हाय."

प्राजक्ताने हळूच विचारलं, "हाय का होता, सर?"

त्यानंतर त्या बाजूला कुणी उभंच राहीना. आमची उजवी विंगर डावीकडून खेळायला लागली. दोन दिवसांत बातमी घरोघरी गेली. जिल्ह्याची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती. प्राजक्ता नक्की निवडली जाणार होती, आणि मग तिच्या राहण्या-शिकण्याची सोयही होणार होती. तरीही तिचे बाबा मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाले, "सर, निवड झाली नाई तरी चालते. पोरगी उद्यापासून येनार नाई."

दुसऱ्या दिवशी पाचच मुली आल्या. पाच जणींचा संघ होत नाही. त्या धुक्यात मी शिट्टी हातात धरून उभा होतो, तेव्हा मला खरंच रडू आलं. गुडघा गेला तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मग एका व्यावसायिक खेळाडूला शोभेल असं मी केलं. गुपचूप एक नारळ धुऱ्यावर ठेवला, हात जोडले आणि मागे न बघता निघालो. तासाभराने पाहतो तर नारळ नाही! छातीवरचं ओझं उतरलं. आता ते जे काही होतं, ते तृप्त होऊन जाणार होतं.

दुपारी ताटात ओल्या नारळाची चटणी आली.

नारळ कुठला, असं मी विचारलं. वैशाली म्हणाली, "आईले धुऱ्यावर सापडला. कोनी येडा ठेवून गेला म्हन्ते."

आई समोर बसून शांतपणे चटणी खात होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: उरलेल्या बांधीतली लाखोरी राखायला ती रोज पहाटे जात होती. पिकात पडलेला चेंडू पदराने पुसून बाहेर मारत होती. आणि माझ्या हाकांना ओ देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती!

आता पालकांना पटवायचं तर आईलाच उभं करायला हवं होतं. मी हात जोडले. (नारळानंतर ही दुसरी वेळ.) ती वैशालीला म्हणाली, "त्याले म्हनावं, बांधीत काय होतं थे आधी सगळ्यायसमोर सांग."

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर मुली आणि त्यांचे आईबाप बांधीत जमले. मी सांगितलं की मला माझ्याच शेतातली लाखोरी ओळखू आली नाही, मी तिच्यावर रोलर फिरवला, आणि मग स्वतःच्या आईला भूत समजून नारळ वाहिला. प्राजक्ताचे बाबा हसता हसता धुऱ्यावर बसले. पण त्यांना खात्री करून घ्यायची होती.

आईने खुरपं खाली ठेवलं, लुगडं खोचलं आणि डाव्या पायाने चेंडू मारला. तो आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन प्राजक्ताच्या पायाशी पडला. पुन्हा मारला, पुन्हा तिथेच. प्राजक्ताने विचारलं, "आजी, कुठं शिकल्या?"

"शिकाचं काय त्यात? हा लहान होता तवा रोज अठीच खेळे. दिवसातून चाळीस खेपा बॉल लाखोरीत. म्या परत मारला नसता तं पीक राहिलं असतं का?"

मला आठवलं. लहानपणी माझा चेंडू धुक्यातून परत यायचा. सगळ्यांचाच येत असेल, असं मला वाटायचं. कोण पाठवतं, हे मी कधी विचारलं नाही. मी उगाच शिट्टी पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा मुली हजर होत्या. आई धुऱ्यावर उभी होती. मी प्रात्यक्षिक दिलं, चेंडू लाखोरीत गेला. तिने तो आणला, आणि सव्वा महिन्यानंतर प्रथमच थेट माझ्याशी बोलली.

"गोलाचं तोंड पाळीकडं फिरव. तुहा नेम अजून तसाच हाय."

चौदा वर्षांत तीन प्रशिक्षकांनी मला हेच सांगितलं होतं, पण माझ्यासाठी गोलच फिरवायची युक्ती एकट्या आईने काढली.